पहिला यो-यो हिसक्याला परत येणाराच घ्या: डंकन बटरफ्लाय एक्सटी

भाच्यासाठी मी घेतलेला पहिला यो-यो अॅल्युमिनियमचा होता. जड, गुळगुळीत, बघताक्षणी आवडावा असा. त्याने तो सोडला, तो दोरीच्या टोकाशी सुरेख फिरत राहिला. मग याने हिसका दिला. एकदा, दोनदा, चारदा. यो-यो आपला तिथेच गरगरतोय. "मावशी, बिघडलाय का गं हा?"

बिघडला नव्हता. तो अनरिस्पॉन्सिव्ह होता, म्हणजे नुसत्या हिसक्याने वर न येणारा. त्याला परत आणायचं तर दोरीची घडी करून ती दोन भागांमधल्या खाचेत सारावी लागते. ती आत अडकली की यो-यो दोरी गुंडाळत वर येतो. याला बाइंड म्हणतात आणि ज्याला सरळ फेकताही येत नाही त्याला ते जमणार नाही. खोक्यावर याबद्दल एक अक्षर नव्हतं, याचा मला अजून राग येतो. अकरा वर्षांच्या मुलाला वाटलं की आपल्यालाच येत नाही, आणि तो यो-यो कपाटात गेला.

दुसऱ्या वेळी नीट चौकशी करून डंकन या यो-यो कंपनीचा बटरफ्लाय एक्सटी घेतला. प्लास्टिकचा आहे, दिसायला साधा. पण पहिल्याच दिवशी तो हातात परत आला, आणि पोराचा चेहरा बदलला.

तो परत का येतो, हे समजून घेण्यासारखं आहे. यो-योची दोरी मधल्या आसाला गाठ मारून बांधलेली नसते, आसाभोवती तिचा नुसता फास असतो. 1928 मध्ये कॅलिफोर्नियात यो-योचा कारखाना काढणाऱ्या पेड्रो फ्लोरेस या फिलिपिनो माणसाचे यो-यो असेच होते, म्हणून ते खाली थांबून फिरत. (त्याचा धंदा पुढे डंकननेच घेतला.) एक्सटीमध्ये हा फास बॉल बेअरिंगवर बसतो, त्यामुळे घर्षण कमी आणि फिरणं लांबतं. दोन्ही बाजूंना आतून दोरी धरणारे स्टिकर आहेत. हिसका दिला की दोरी क्षणभर सैल पडते, स्टिकरना चिकटते आणि गुंडाळली जाते. अनरिस्पॉन्सिव्ह यो-योत खाच इतकी रुंद असते की दोरी सैल पडूनही कडांना धरत नाही.

दुसरा फायदा आकाराचा. दोन्ही अर्धे भाग बाहेरच्या बाजूला पंखांसारखे उघडतात, त्यामुळे फिरता यो-यो दोरीवर झेलायला तोंड मोठं मिळतं. समोर गोल गोल फेकायचे लूपच शिकायचे असतील, तर मात्र गोलसर, अरुंद तोंडाचा, डंकनच्याच इम्पिरियलसारखा आकार बरा.

वेग कमी झाला की आपोआप वर येणारे क्लचवाले यो-योही असतात, योमेगा ब्रेन हे त्यातलं प्रसिद्ध नाव. अगदी लहान मुलाला ते चालतील. पण हिसका कधी द्यायचा, हे हाताला कळायला हवं, आणि ते काम तिथे यो-योच करून टाकतो. म्हणून मी तो घेणार नाही.

घेतल्यावर सगळ्यात आधी दोरी कापा. यो-यो जमिनीवर टेकवून दोरी ताणा, बेंबीपाशी येईल तिथे नवा फास बांधा आणि वरची उरलेली कापून टाका. भाच्याचे निम्मे त्रास लांब दोरीचे होते. टोकाचा फास थेट बोटात घालायचा नाही. त्यातून दोरी ओढून सरकफास करायचा आणि तो मधल्या बोटाच्या पहिल्या दोन सांध्यांमध्ये बसवायचा. खेळता खेळता दोरीला पीळ चढतो, मग यो-यो खाली न थांबता लगेच उसळतो. अशा वेळी बोटातून फास काढून दोरी वरच्या टोकाला धरा आणि यो-यो लोंबकळू द्या, पीळ आपोआप सुटतो. दोरी पिंजली की बदलाच. तुटली तर यो-यो कुणाच्या तोंडावर बसेल सांगता येत नाही. स्टिकर झिजतात, तेही बदलायचे असतात.

गेल्या आठवड्यात भाच्याने यो-यो बाजूला फेकला, दोरी डाव्या हाताच्या बोटावरून वळली आणि तो अलगद दोरीवर येऊन बसला. मग त्याने स्वतःच कपाट उघडून तो अॅल्युमिनियमचा बाहेर काढला. बाइंड तिसऱ्या संध्याकाळी जमला.