फार्मर चेंबर : सहा वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

लिनॅकमधून, म्हणजे कॅन्सरवर किरणोपचार देणाऱ्या यंत्रातून, रुग्णाला ठरलेलाच डोस मिळतो आहे ना, हे तपासण्यासाठी पुण्यातील आमच्या विभागात ०.६ घनसेंटीमीटर पोकळीचे फार्मर चेंबर, म्हणजे किरणांमुळे आतल्या हवेत निर्माण होणाऱ्या विद्युतभारावरून डोस मोजणारे उपकरण, सहा वर्षे वापरात आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक फार्मर यांनी १९५५ मध्ये मांडलेली ही रचना आजही का टिकून आहे, हे ते पाण्यात उतरवले की कळते. वॉटर फँटममध्ये (रुग्णाच्या शरीराऐवजी वापरायच्या पाण्याच्या टाकीत) १० सेंटीमीटर खोलीवर, १० × १० सेंटीमीटरच्या फील्डमध्ये (किरणांच्या चौकोनात) १०० मॉनिटर युनिट (यंत्र किती किरण सोडते ते मोजायचे एकक) देऊन लागोपाठ पाच रीडिंग घेतली, तर त्यांतला फरक ०.१ टक्क्याच्या पलीकडे क्वचितच जातो. ग्रॅफाइटची भिंत मात्र नाजूक आहे. हाताळणारे अनेक असतील तर अॅक्रिलिकची घ्यावी.

खरी काळजी घ्यावी लागते ती हवेच्या दाबाची. चेंबरच्या पोकळीतील हवा बाहेरच्या हवेला खुली असल्यामुळे दाब उतरला की आतली हवा विरळ होते आणि रीडिंग कमी येते. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पावसाळ्यात दाब ९४५ हेक्टोपास्कल आणि पाण्याचे तापमान २२ अंश सेल्सिअस असेल, तर रीडिंगला १.०८ ने गुणावे लागते. एका रुग्णालयात नव्या मशीनच्या तपासणीला मदत करताना मी पाहिले, की तिथे दाबाचा आकडा मोबाइलवरच्या हवामान अॅपमधून, म्हणजे १००५, घेतला होता. तो समुद्रसपाटीला आणून दिलेला दाब असतो, खोलीतला नव्हे. त्यामुळे गुणायचा आकडा लहान आला आणि डोस सुमारे सहा टक्के कमी भासला, आणि यंत्राचे आउटपुट तेवढे वाढवले असते तर प्रत्येक रुग्णाला तेवढाच जास्त डोस गेला असता. मशीन रुग्णांसाठी सुरू होण्याआधी हे लक्षात आले, याचे समाधान मला आजही वाटते.

म्हणून चेंबर आणि इलेक्ट्रोमीटर (चेंबरमधला विद्युतभार मोजणारे यंत्र) यांच्या कोटेशनमध्येच कॅलिब्रेट केलेला बॅरोमीटर मागून घ्यावा, आणि फँटममधले पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवावे, म्हणजे ते खोलीच्या तापमानाला येते.

बॅरोमीटरच चुकीचा असेल, तर ते आपल्याच चेंबरवरून कधीच कळत नाही. त्यासाठी बाहेरची पोस्टल तपासणी हवी, म्हणजे टपालाने आलेल्या छोट्या डोसमापकांना डोस देऊन ते परत पाठवायचे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून अशी तपासणी करतात आणि ५ टक्क्यांपर्यंतचा फरक ग्राह्य धरतात. त्या रुग्णालयातली चूक या मर्यादेबाहेरची होती.