घरी बांधलेल्या विमानातलं काचेचं पॅनल: १४ महिने आणि ११० तासांनंतर

माझं आरव्ही-९ए हे घरी बांधलेलं विमान अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका छोट्या विमानतळावर उभं असतं. त्याचं पॅनल ‘काचेचं’, म्हणजे काट्यांच्या तबकड्यांऐवजी स्क्रीनचं. हँगरवर येणारे मराठी मित्र दोन गोष्टी हमखास विचारतात. पॅनलला किती पडले? आणि काही झालं तर जबाबदार कोण? ११० तास उडवल्यावर मला वाटतं की हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच.

आधी पैसे. सगळं मिळून २६ हजार डॉलर लागले. त्यात दोन स्क्रीन, ऑटोपायलट, रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र), एडीएस-बी (विमानाची जागा सतत प्रसारित करणारी यंत्रणा), इंजिनचे सेन्सर आणि बॅकअप बॅटरी आली. माझा अंदाज १८ हजारांचा होता, कारण हिशेब करताना मी फक्त उपकरणं धरली होती. तारा, कनेक्टर, अँटेना, ब्रेकर, पॅनलचं कटिंग आणि तारांचा तयार जुडगा (हार्नेस) यांनी बाकीचे पैसे खाल्ले. तुम्ही बांधणार असाल तर हा भाग आधी मांडा.

तरीही हे स्वस्तच म्हणायचं. कारखान्यात बनलेल्या जुन्या सेसना विमानात असंच काही बसवायचं तर त्या मॉडेलसाठी मंजूर झालेलीच उपकरणं लागतात, आणि त्या मंजुरीचा खर्च किमतीत उतरतो. एक्सपेरिमेंटलमध्ये, म्हणजे माझ्यासारख्या घरी बांधलेल्या विमानांच्या वर्गात, बहुतेक स्क्रीनना ही अट नाही. पण सगळंच मोकळं नाही. ट्रान्सपाँडर आणि ईएलटी (अपघात झाल्यास संकेत पाठवणारं यंत्र) ठरलेल्या मानकाचेच लागतात, दर २४ महिन्यांनी ट्रान्सपाँडर तपासून घ्यावा लागतो, आणि ढगांतून जायचं असेल तर जीपीएसही मानकाचाच हवा. तो मी घेतला नाही. घेतला असता तर आकडा तिशीच्या पुढे गेला असता.

वापरताना सर्वांत जास्त उपयोग इंजिनच्या पानाचा झाला. उन्हाळ्यात वर चढताना तिसरा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा सतत गरम दिसायचा. नोंदी उतरवून आलेख पाहिले, काऊल (इंजिनवरचं झाकण) उघडलं, तर बॅफलच्या, म्हणजे हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्याच्या, रबरात बोटभर फट होती. ती बुजवल्यावर चारही आकडे जवळ आले. जुन्या पद्धतीच्या एकाच काट्यावर हे मला कळलं नसतं. एक तक्रार मात्र आहे. हवा खराब असली की टचस्क्रीनवर बोट नेमकं पडत नाही. खाली फिरवायचं बटण असलेलंच मॉडेल घ्या.

सत्तराव्या तासाला ऑइल प्रेशर लाल झालं. खाली मक्याची शेतं, जवळची धावपट्टी १२ मैलांवर. तिकडे वळलो, गॅस कमी केला, उतरलो. तेल पुरेपूर होतं. सेन्सरच्या अर्थिंगच्या तारेचं क्रिंप (तारेवर दाबून बसवलेला जोड) सैल झालं होतं, आणि ते क्रिंप मीच दाबलं होतं.

त्या दिवशी शेपटीजवळची डेटा प्लेट, म्हणजे विमानाच्या ओळखीची पट्टी, मी नव्याने वाचली. निर्माता म्हणून तिच्यावर माझं आडनाव आहे. विमान उद्या विकलं तरी ते आडनाव तिथेच राहणार. गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये ज्या लाँग-ईझी या घरी बांधलेल्या विमानाच्या अपघातात गेले, ते विमान त्यांनी विकत घेतलेलं होतं. मूळ बांधणाऱ्याने इंधनाची कळ आराखड्यातली जागा सोडून पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. माझ्या पॅनलवर कोणतं बटण कुठे, हेही मीच ठरवलंय. लाँग-ईझीचे रचनाकार बर्ट रुटान यांनी आराखडे विकणं १९८५ मध्येच थांबवलं होतं, आणि खटल्यांची धास्ती हे त्यामागचं मोठं कारण होतं. अमेरिकेतल्या १९९४ च्या कायद्याने निर्मात्यांवरच्या दाव्यांना १८ वर्षांची मर्यादा घातली, पण नव्याने बसवलेल्या भागाची मुदत तो बसवल्यापासून मोजली जाते.

विमा आहे. एका घटनेला १० लाख डॉलर, पण प्रत्येक प्रवाशामागे एक लाखच. सोबत कोणाला बसवायचं तर हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा लागतो.

उन्हाळ्यात साताऱ्याहून आई आली होती. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांची बातमी तिने वाचलेली, त्यामुळे कौतुक होतंच. कॉकपिटमधली पाटी तिने बोट ठेवून वाचायला लावली. हे विमान हौशी बांधणीचं आहे आणि प्रमाणित विमानांचे सुरक्षा-नियम पाळत नाही, असा अर्थ मी सांगितला. ती म्हणाली, "मग तू काय काय तपासलंस ते सांग." मी वही काढली. प्रत्येक तारेची आकृती, प्रत्येक क्रिंपचा फोटो, तारीख. सैल निघालेल्या क्रिंपचं पानही दाखवलं. तिने सगळं शांतपणे पाहिलं आणि मग बेल्ट कसा लावायचा ते विचारलं.

ही वही ठेवायला पैसे लागत नाहीत, बऱ्याच संध्याकाळी मात्र जातात. स्क्रीन निवडायच्या आधी ती सुरू करा. हे विमान मी विकणार नाही. उडवणं थांबेल तेव्हा पॅनल सुटं करून देईन, आणि डेटा प्लेट माझ्याकडेच राहील.