थोरल्या फाउस्टिनाचा ऑरियस: नाणं झकास, वर्णन अर्धवट

लिलावात घेतलेला हा ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याचं नाणं, माझ्या काट्यावर बरोबर ७.२ ग्रॅम भरला. इ.स. १४० च्या सुमारास फाउस्टिना वारली, रोमन सम्राट अँटोनायनस पायसने आपल्या या बायकोला देवी ठरवलं, म्हणून नाण्यावर ‘दिवा फाउस्टिना’ (लॅटिनमध्ये ‘दिवा’ म्हणजे देवी). डोक्यावर वळवून बांधलेल्या वेण्या काय कोरल्यात! भिंगाखाली पेड न् पेड सुटा दिसतो. मागे धान्यदेवी सेरीस, हाती मशाल. ती जरा झिजलीय, चालायचंच.

पण कडेला, अगदी वरच्या बाजूस, घासल्याची खूण आहे. कुणीतरी कधीकाळी कडी लावून गळ्यात घातलं असणार. लिलाववाल्यांच्या वर्णनात याबद्दल अवाक्षर नाही! त्यांना लिहिलेल्या तिसऱ्या पत्रानंतर थोडे पैसे परत आले. नाणं ठेवलंय. पुढच्या वेळी कडेचे फोटो आधी मागवेन, बोली नंतर.