हॉस्टेलमधली सर्दी मोजायची कशी: स्वॉब, गटार की हवेचा मीटर?

नवरात्रात नऊ रात्री गरबा, वर जागरण. मग बडोद्यातल्या कुठल्याही हॉस्टेलात एकाला सर्दी झाली की आठवड्यात अख्खा मजला शिंकतो. भाचीला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हाच विषय घ्यायचाय, म्हणून तिन्ही पद्धती तोलून पाहिल्या.

कोणाकडून कोणाला लागण झाली हे हवं असेल, तर स्वॉबला पर्याय नाही. मिशिगन विद्यापीठात 2013 साली सहा वसतिगृहांतल्या 590 विद्यार्थ्यांवर असं काम झालं. कोण कोणाजवळ किती वेळ होतं, हे त्यातल्या काहींच्या फोनमधलं ब्लूटूथ टिपत होतं. पण पीसीआरचा (स्वॉबमधला विषाणू ओळखणाऱ्या तपासणीचा) खर्च, संमतिपत्रं, एथिक्स कमिटीची मंजुरी यांत साथ ओसरून जाते. शिवाय लक्षणांची रोजची नोंद लागतेच, आणि तिथेच घोडं पेंड खातं. मी एकदा एका हॉस्टेलच्या दाराशी रजिस्टर ठेवलं होतं. बुधवारी उघडलं, तर एका पोरानं रविवारपर्यंतच्या सगळ्या रकान्यांत 'सर्दी नाही' आगाऊच लिहून ठेवलेलं! त्यापेक्षा रात्री मेसच्या रांगेत तोंडी विचारावं.

सांडपाण्याची पद्धत मला आवडते. कोणाच्या नाकात काडी घालावी लागत नाही. ॲरिझोना विद्यापीठात ऑगस्ट 2020 मध्ये एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात कोरोनाचा विषाणू दिसला. लगेच 311 जणांची चाचणी झाली आणि लक्षणं नसलेले दोघे सापडले. मात्र सांडपाण्यावरून इमारत कळते, खोली नाही. आधी गटाराची झाकणं उघडून बघा. दोन ब्लॉक आणि मेस एकाच चेंबरला जोडलेले असतील, तर नाद सोडा.

उरला कार्बन डायऑक्साइडचा मीटर. तो विषाणू मोजत नाही, दुसऱ्यांचा श्वास खोलीत किती साचलाय ते सांगतो. बाहेर साधारण 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग, असतं. डासांच्या भीतीनं खिडक्या लावून तिघं झोपली, तर पहाटेपर्यंत हजार सहज ओलांडतं. मेरीलँड विद्यापीठात कमी आणि जास्त हवेशीर वसतिगृहांची अशी तुलना झाली, तेव्हा कोंदट इमारतीत संसर्ग जास्त आढळले. मीटर एनडीआयआर सेन्सरचाच घ्या, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशानं थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा. स्वस्तातले बरेचसे दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात. उदबत्ती लावली तरी आकडा चढतो.

भाचीला मी मीटर आणि तोंडी नोंद सुचवलं, तेही थंडीत, खिडक्या बंद असतात तेव्हा. कमिटीची परवानगी यालाही लागेल, पण तपासणीचा खर्च वाचतो. ती म्हणाली, "मामा, मग शीर्षकात 'विषाणू' कसं लिहू?" नको लिहूस. 'सर्दी-खोकला' लिही.