पॅनलवरचा काउंटडाउन टायमर रुबीत करायचाय: आर्गोस घ्यावं की अ‍ॅपइंडिकेटर?

रुबी येतं, रोजचं मशीन उबंटू किंवा दुसरं कुठलं गनोमवालं लिनक्स आहे, आणि वरच्या पट्टीत घड्याळाच्या शेजारी उरलेली मिनिटं-सेकंदं सतत दिसत राहावीत एवढंच हवंय, अशांसाठी हे लिहितोय. तयार टायमर ढिगाने मिळतात हे खरं, पण आपल्या सवयीचे आकडे, आपला आवाज, आपल्याला पटेल तसा पॉज हे सगळं हवं असेल तर शे-दीडशे ओळी स्वतः लिहिणं मला जास्त सोपं वाटतं. मी दोन्ही रस्त्यांनी हा टायमर केलाय आणि दोन्ही बरेच दिवस वापरलेत, त्यामुळे मत तयार झालंय, पण तुमची गरज वेगळी असू शकते हे आधीच सांगून ठेवतो.

आधी दोन पर्याय बाजूला काढू. जुने लेख वाचलेत तर जीटीके३ (गनोमची खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) चा स्टेटस आयकॉन, म्हणजे ट्रेमधलं छोटं चित्र, वापरा असं सापडेल. तो जीटीके ३.१४ पासून म्हणजे २०१४ पासूनच नको म्हणून सांगितलेला आहे, जीटीके४ मधून तर काढूनच टाकला, आणि गनोमने ३.२६ मध्ये, २०१७ साली, खालच्या डाव्या कोपऱ्यातला जुना ट्रेसुद्धा उचलला. दुसरा पर्याय यॅड, कमांडने छोट्या खिडक्या आणि आयकॉन दाखवणारा प्रोग्राम. रुबीतून पाइप उघडायचा आणि त्यात ओळी लिहून आयकॉन, टूलटिप, मेनू बदलत राहायचं, लिहायला खूप सुटसुटीत आहे. पण आतून तोही तोच जुना स्टेटस आयकॉन, त्यामुळे वेलँडवर (एक्स११ च्या जागी आलेली नवी डिस्प्ले पद्धत) दिसतच नाही. आणि दोघांची खरी अडचण त्याहून साधी आहे, दोघांना अक्षरं दाखवता येत नाहीत, फक्त चित्र. उरलेला वेळ बघायला माउस नेऊन टूलटिप यायची वाट बघायची असेल तर तो टायमर वरच्या पट्टीत ठेवून उपयोग काय? कैरो या चित्र काढायच्या लायब्ररीने आयकॉनवर आकडे रंगवता येतात, पण पट्टीतल्या एवढ्याशा आयकॉनवर चार आकडे वाचताना माझे डोळे तरी दुखले.

तर खरी निवड उरते ती दोघांत: आर्गोस, आणि अ‍ॅपइंडिकेटर, म्हणजे चालू प्रोग्रामला पट्टीत आयकॉन, शेजारी लेबल आणि मेनू दाखवू देणारी लायब्ररी.

आर्गोस हे गनोम शेलचं एक्स्टेंशन आहे. त्याच्या फोल्डरमध्ये कुठलीही चालवता येणारी फाइल टाकायची, फाइलच्या नावातच किती वेळाने पुन्हा चालवायची ते लिहायचं (एक सेकंद, एक मिनिट, हवं ते), आणि ती फाइल जे छापेल त्यातली पहिली ओळ पट्टीत दिसते, तीन डॅशच्या खालचं सगळं मेनूत जातं. मॅकवर बिटबार होतं त्याचीच ही पद्धत. रुबीवाल्याला यापेक्षा सोपं काही नाही, पुट्स येत असलं की झालं. जेम नको, जीटीके नको, इव्हेंट लूप नको. पहिल्यांदा पट्टीत आपला आकडा उतरताना दिसला तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि तो आनंद खरा आहे, एका संध्याकाळीत दिसण्याजोगी गोष्ट तयार होते. मेनूतल्या ओळीवर क्लिक केलं की तीच फाइल वेगळं आर्ग्युमेंट देऊन चालवायची, टर्मिनल उघडू नको आणि लगेच रिफ्रेश कर असं ओळीच्या शेवटी सांगायचं, झालं.

एकच गोष्ट तिथे सुरुवातीला अडवते. आरबीएनव्ही (रुबीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) वापरत असाल तर गनोम शेलला तुमच्या टर्मिनलचा पाथ माहीत नसतो, त्यामुळे फाइलच्या पहिल्या ओळीत एन्व्ह लिहून चालत नाही, रुबीचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. आणि दर सेकंदाला नवीन रुबी सुरू होणार आहे तर रुबीजेम्स लोड करू नको हा ऑप्शन त्या ओळीत द्याच, चटकन जाणवण्याइतका फरक पडतो. तरी माझ्या जुन्या लॅपटॉपवर बॅटरीवर काम करताना टॉप कमांडच्या यादीत रुबी अधूनमधून वर डोकावायचंच. मोजमाप केलेलं नाही, पण एका आकड्यासाठी हे बरं वाटत नव्हतं.

पण माझं मत बदललं ते यामुळे नाही. बदललं ते घंटेमुळे.

बघा, आर्गोसमधला प्रोग्राम दर सेकंदाला जन्मतो आणि संपतो, त्याला काही आठवत नाही. म्हणून टायमर कधी संपणार ती वेळ फाइलमध्ये लिहून ठेवायची, ठीक आहे. पॉज केला तर किती उरलंय ते फाइलमध्ये, तेही ठीक. आता वेळ संपली. या सेकंदाला चाललेल्या प्रोग्रामने बघितलं की संपली, नोटिफिकेशन दिलं, आवाज वाजवला. पुढच्या सेकंदाला नवा प्रोग्राम आला, त्यानेही बघितलं की संपली, त्यालाही वाजवायचंय. मग "वाजवून झालंय" असा झेंडा पण फाइलमध्ये लावायचा. मग तुम्ही नेमकं त्याच क्षणी मेनूतून पाच मिनिटं वाढवली तर एक प्रोग्राम झेंडा लावतोय आणि दुसरा वेळ वाढवतोय, दोघं एकाच फाइलवर. तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग नाव बदललं की अर्धवट फाइल वाचली जाण्याची भीती जाते, पण कोणाचं लिहिणं शेवटी टिकलं हा प्रश्न तसाच राहतो, त्याला लॉक लावा. आणि इतकं सगळं करून मूळ गोष्ट तशीच की पट्टीतलं एक्स्टेंशन बंद पडलं तर घंटा वाजवणारं कोणीच नाही.

यावर एक उपाय मी बराच काळ वापरला तो सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. घंटेचं काम सिस्टिमडीला, म्हणजे लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेला, द्यायचं. टायमर सुरू करताना सिस्टिमडी-रनला यूजर मोडमध्ये सांगायचं की इतक्या मिनिटांनी नोटिफाय-सेंड (नोटिफिकेशन दाखवणारी कमांड) चालव, आणि आर्गोसवाली फाइल फक्त आकडा दाखवेल. घंटा एकदाच वाजते, पट्टी असो नसो वाजते. पण पॉज केला की ते सिस्टिमडीचं युनिट थांबवा, पुन्हा सुरू केलं की उरलेल्या वेळाचं नवीन बनवा, पाच मिनिटं वाढवली की परत तेच, म्हणजे वेळ आता दोन ठिकाणी राहते आणि दोन्ही जुळवत बसायचं. पॉज नसलेला सरळ टायमर असेल तर मात्र हा उपाय मला आजही आवडतो.

अ‍ॅपइंडिकेटरमध्ये हे सगळं नाहीसं होतं. एक रुबी प्रोग्राम, तो सुरू होतो आणि चालू राहतो, संपायची वेळ एका व्हेरिएबलमध्ये, पॉज एका व्हेरिएबलमध्ये, शून्य झालं की वाजवायचं आणि टिक देणारं टायमर बंद करायचं. झेंडा नाही, फाइल नाही, लॉक नाही. पट्टीवर इंडिकेटर दाखवणारं एक्स्टेंशन मेलं तरी प्रोग्राम आपला जिवंत असतो, तो फक्त डी-बसवरून (प्रोग्रामांनी एकमेकांना निरोप द्यायची वाट) "मी आहे, माझं लेबल हे" असं सांगत असतो, त्यामुळे घंटा वाजतेच.

उभा करायला मात्र आर्गोसपेक्षा नक्कीच जास्त खटपट. रुबीतून जायचा रस्ता असा: जीटीके३ जेम, त्याच्यासोबत जीऑब्जेक्ट-इंट्रोस्पेक्शन (सी लायब्ररी थेट रुबीतून वापरू देणारं) आपोआप येतं, आणि त्याच्या लोडरने आपल्या एका मॉड्यूलमध्ये आयताना-अ‍ॅपइंडिकेटर३ लोड करायचं. जुन्या लेखांत नुसतं अ‍ॅपइंडिकेटर३ असतं, आता डेबियन-उबंटूवर आयतानावालंच घ्या आणि त्याचं जीआयआर पॅकेज (इंट्रोस्पेक्शनला लागणारी माहिती) अ‍ॅप्टने वेगळं टाकावं लागतं हे विसरू नका. इंडिकेटरसाठी तयार बांधलेलं वेगळं जेमही आहे, पण इंट्रोस्पेक्शन घरात असताना अजून एक सी एक्स्टेंशन मला नको होतं.

जीटीके३ जेम बांधायला लागणारा वेळ ही इथली मोठी तक्रार असते आणि ती खोटी नाही. जीलिब, कैरो, पँगो अशी सगळी वरात कंपाइल होते, आणि रुबीची नवी आवृत्ती दर नाताळला येते, ती घेतली की परत सगळं. मी यातून असा सुटलो की या एका टायमरसाठी आरबीएनव्ही वापरतच नाही, अ‍ॅप्टमधलं रुबी-जीटीके३ टाकलं आणि पहिल्या ओळीत सिस्टिमच्या रुबीचा पत्ता दिला. बाकीच्या प्रोजेक्टना हवी ती रुबी असू दे, टायमरला आहे ती पुरते. हा मार्ग पटला तर दोघांतला मोठा फरक तिथेच मिटतो.

आणखी दोन-तीन गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही. मेनू दिल्याशिवाय इंडिकेटर दिसत नाही, आणि मेनूवर शो-ऑल म्हटलं नाही तर तो रिकामा येतो. इंडिकेटरचा ऑब्जेक्ट इन्स्टन्स व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, मेथडच्या आत लोकल ठेवला आणि गार्बेज कलेक्टर फिरला की पट्टीतून गायब. मेनू डी-बसवरून जातो म्हणून त्यात फक्त साध्या ओळी, टिकमार्क, सबमेनू चालतात, मिनिटं टाइप करायची चौकट किंवा स्लायडर आत घालता येत नाही. मी ५, १०, २५, ४५ अशा ठरलेल्या ओळी ठेवल्यात आणि आयकॉनवर स्क्रोल केलं की एकेक मिनिट वाढतं-कमी होतं, त्याचा सिग्नल इंडिकेटर देतो. हे स्क्रोलचं एकदा हाताला बसलं की सोडवत नाही. आर्गोसमध्ये हे करायचं म्हणजे परत मेनू, परत क्लिक.

वेळ मोजण्याचं दोन्हीकडे सारखंच, तरी सांगतो कारण बहुतेक नमुना कोडमध्ये दर टिकला एक वजा केलेलं असतं. ते करू नका. संपायची वेळ ठरवून ठेवा आणि दर वेळी आत्ताची वेळ त्यातून वजा करा, कारण जीलिबचा (जीटीकेच्या खालची लायब्ररी) सेकंदाचा टायमर अगदी सेकंदाला येईल याची हमी नसते. त्याच कारणाने तो सेकंदाऐवजी पाव सेकंदाने चालवा आणि लेबल बदललं असेल तरच पाठवा, नाहीतर कधीतरी १२:०३ नंतर थेट १२:०१ दिसतं. उरलेले सेकंद वरच्या पूर्णांकाला न्या, नाहीतर सुरू करताक्षणी २४:५९ दिसतं आणि शेवटी ००:०० वर एक सेकंद नुसतं थांबावं लागतं. ब्लॉकने ट्रू परत केलं तरच टिक पुढे चालू राहतं, हेही ध्यानात असू द्या.

आणि घड्याळ कुठलं? टाइम-नाऊ नको, सिस्टिमची वेळ सुधारली की उडी मारतं. मोनोटॉनिक (फक्त पुढेच जाणारं) घड्याळ चांगलं, पण लिनक्सवर लॅपटॉप झोपला की ते थांबतं. अभ्यासाचा टायमर असेल तर हे बरोबरच आहे, झाकण लावलं म्हणजे अभ्यास थांबला. पण गॅसवर दूध ठेवून टायमर लावला असेल तर दूध काही थांबत नाही, तिथे झोपेतला वेळही मोजणारं बूटटाइम घड्याळ लागतं, रुबीच्या क्लॉक-गेटटाइमला ते लिनक्सवर देता येतं. अ‍ॅपइंडिकेटरमध्ये मी मेनूत एक टिकमार्क ठेवलाय, झोपेतला वेळ धरायचा की नाही. आर्गोसमध्येही जमेल, पण मशीन रीस्टार्ट झालं की दोन्ही घड्याळं नव्याने सुरू होतात आणि फाइलमध्ये लिहिलेला आकडा निरर्थक होतो, म्हणून फाइल रनटाइम डिरेक्टरीत ठेवा, ती लॉगआउटनंतर पुसली जाते.

एक छोटीशी हौस दोन्हीकडे भागते. लेबलावर रुबीची टीआर मेथड चालवून ०-९ चे देवनागरी आकडे केले की पट्टीत मराठी आकडे उतरताना दिसतात. मला ते फार आवडतं. वेगळा फाँट लावावा लागला नाही.

मग कोणी काय घ्यावं? सेकंद दिसायला नको असतील, मिनिटाला एकदा आकडा बदलला तरी चालणार असेल आणि पॉज लागत नसेल, तर आर्गोस आणि सिस्टिमडीची जोडी खरंच पुरेशी आहे, उगाच जीटीकेत शिरू नका. मॅकवर असाल तर बिटबारच्याच पद्धतीचं स्विफ्टबार बघा, त्यात सतत चालू राहून ओळी सोडणारा प्लगिन लिहिता येतो, त्यामुळे माझी घंटेची तक्रार तिथे उरत नाही. केडीई प्लाझ्मावर मात्र आधी विचार करा, तिथे इंडिकेटर दिसतो पण शेजारचं लेबल दिसत नाही, मग परत आयकॉनवर आकडे रंगवणं आलं.

गनोमवर असाल आणि पॉज, वाढव, कमी कर हे रोज करणार असाल तर मी अ‍ॅपइंडिकेटरच म्हणेन. त्यात अजून एक गोष्ट वजन टाकते. सप्टेंबर २०२३ मध्ये गनोम ४५ आलं तेव्हा एक्स्टेंशन लिहायची पद्धत बदलली आणि प्रत्येक एक्स्टेंशनला नव्याने जुळवून घ्यावं लागलं. आर्गोससारखं बाहेरून टाकलेलं एक्स्टेंशन अशा वेळी कोणीतरी दुरुस्त करेपर्यंत थांबावं लागतं. उबंटूमध्ये इंडिकेटर दाखवणारं एक्स्टेंशन १७.१० पासून सिस्टिमसोबतच येतं आणि तिच्यासोबतच अपडेट होतं. फेडोरावर ते आपलं आपण टाकावं लागतं, पण रिपॉझिटरीत आहे.

शेवटी आवाजाचं. नोटिफिकेशन डू नॉट डिस्टर्बमध्ये दबून जातं, म्हणून आवाज वेगळा पाप्ले या कमांडने वाजवा, फ्रीडेस्कटॉपच्या साउंड थीममधली कम्प्लीट नावाची फाइल बहुतेक मशीनवर असते. रुबीत ते स्पॉन या मेथडने करा, सिस्टिम या मेथडने करू नका, नाहीतर आवाज संपेपर्यंत मेनू अडकून बसतो.