ब्रेडचा चुरा लावलेलं चिकन कटलेट: सहा महिने वजनकाट्यासोबत वापरल्यावर

सहा महिने, आठवड्यातून साधारण दोनदा. कधी फ्रोझन पाकिटातलं, कधी घरी चुरा लावलेलं, आणि ओट्यावर ग्रॅम दाखवणारा काटा. एवढ्या वापरानंतर मत पक्कं झालंय: कटलेटचं पोषण आतल्या चिकनपेक्षा बाहेरच्या कवचावर ठरतं. 'चिकन आहे म्हणजे प्रोटीन आलंच' हा हिशेब अर्धाच आहे.

घरच्या एका तुकड्याचं गणित बघा. कातडी काढलेलं १२० ग्रॅम कच्चं ब्रेस्ट म्हणजे सुमारे १४५ किलोकॅलरी आणि २७ ग्रॅम प्रोटीन. त्यावर १० ग्रॅम मैदा, चिकटून राहिलेलं १५ ग्रॅम अंडं आणि २० ग्रॅम कोरडा चुरा बसला की आणखी १३५ ते १४० किलोकॅलरी, त्यात वीस-बावीस ग्रॅम कर्बोदकं. तळताना १० ग्रॅम तेल मुरलं तर वर ९०. एकूण ३७०च्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त कॅलरी मांसाबाहेरच्या. प्रोटीन मात्र ३२-३३ ग्रॅमवरच थांबतं.

जाडीकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. तोच तुकडा ठोकून जाडी दोन सेंटिमीटरवरून एकवर आणली की वरचं-खालचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, म्हणजे चुराही जवळपास दुप्पट लागतो आणि तेलही त्याच मापाने. पातळ कटलेट कुरकुरीत लागतं, कबूल. पण ताटातला तो हलका दिसणारा मोठा तुकडा हलका नसतो. दीड सेंटिमीटर हा बरा मध्य.

पाकिटांबद्दल. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण खरा आकडा मांसाच्या टक्केवारीचा. ८० ग्रॅमच्या तुकड्यात ५५ टक्के चिकन असेल तर ते ४४ ग्रॅमच भरतं, आणि त्यातून प्रोटीन जेमतेम दहा ग्रॅम. यादीत वरच्या बाजूला पाणी आणि सोबत स्टार्च, फॉस्फेट दिसले तर मांसात पाणी धरून ठेवलंय असं समजा. पोषणाचा तक्ता १०० ग्रॅमचा आहे की एका तुकड्याचा, कच्च्याचा की शिजवलेल्याचा, हे आधी बघा. शिजताना पाणी उडतं, त्यामुळे शिजवलेल्याचे १०० ग्रॅममागचे आकडे आपोआप फुगलेले दिसतात. दोन पाकिटांची तुलना या घोळातच चुकते.

मीठ वेगळं मोजावं लागतं. तक्त्यात नुसतं सोडियम दिलं असेल तर त्याला अडीचने गुणा. १०० ग्रॅमला १.२ ग्रॅम मीठ असलेले ८० ग्रॅमचे तीन तुकडे खाल्ले की २.९ ग्रॅम मीठ पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. सॉस त्याउपर.

तेल किती मुरलं हे बघायला कढई तेलासकट आधी आणि गार झाल्यावर तोला, फरक तुकड्यांच्या संख्येने भागा. तळाशी पडलेला चुरा गाळून त्याचंही वजन घ्या, नाहीतर मुरलेलं तेल कमी दिसतं. तेल १७० ते १८० अंशांवर हवं. गार तेलात तुकडा जास्त वेळ राहतो आणि कवच तेलकट, लिबलिबीत होतं. बरंचसं तेल बाहेर काढल्यावर आत शिरतं: वाफेचा जोर ओसरतो आणि पृष्ठभागावरचं तेल ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर नीट निथळवून लगेच जाळीवर ठेवा. कागदावर ठेवलं की खालची बाजू वाफेने मऊ पडते.

एअर फ्रायरबद्दल एक गैरसमज: बरीच फ्रोझन कटलेटं आधीच अर्धवट तळलेली असतात, त्यामुळे वरून तेल न घालताही तक्त्यातली चरबी तशीच राहते. घरच्या कटलेटमध्ये मात्र खरा फरक पडतो. कोरडा चुरा तसाच लावला तर पांढरा, पिठूळ राहतो. ५० ग्रॅम चुरा एक चमचा तेलात आधी तव्यावर सोनेरी परतून घ्या, मग लावा. चार तुकड्यांत तो एक चमचा वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी ग्रॅमभर तेल.

कवच सुटतं ते बहुतेक वेळा ओल्या मांसामुळे. तुकडा टिपून कोरडा करा, मैद्याचा पातळ थर द्या, जास्तीचा झटका. चुरा लावल्यावर १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मैदा जाड बसला की अंड्याशी लगदा होतो आणि सगळं कवच एका तुकड्यात निघून येतं.

रंगावर विश्वास ठेवू नका, विशेषतः फ्रोझन थेट तेलात सोडलं असेल तर. बाहेर तपकिरी, आत गार असं सर्रास होतं. सर्वात जाड भागात थर्मामीटर खुपसून ७४ अंश दिसले की काढा. गडद तपकिरीपर्यंत थांबू नका: पिठूळ कवच जितकं करपतं तितकं त्यात अॅक्रिलमाइड हे अपायकारक मानलं जाणारं रसायन वाढतं. सोनेरी झालं आणि ७४ अजून आले नाहीत, तर उरलेलं शिजवणं मध्यम तापलेल्या ओव्हनमध्ये करा, तेलात नको.