फुग्यावरचा हात आणि गेलेले 31,400 रुपये

उजनीच्या पाण्यावर जुनं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं इंजिन, चालवणाऱ्यांनी हे नीट वाचा. सोलापुरात एका मेकॅनिकने ‘बोअर-पिस्टन केलं’ असं सांगून माझ्याकडून 31,400 रुपये घेतले. बोअर, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं, झालाच नाही, हेड म्हणजे सिलिंडरचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. बिघाड होता पेट्रोल पंपाच्या रबरी पडद्यात, आणि तो शेवटी 1,420 रुपयांत निघाला.

इंजिन पंचवीस हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं. दोन-तीन दोऱ्यांत सुरू व्हायचं, स्लोला बरं चालायचं. थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेला की मिनिटभरात दम सोडायचं. मेकॅनिकने प्लग काढले. वरचा काळा आणि ओला, खालचा तपकिरी. ओला प्लग माझ्यासमोर धरून म्हणाला, “काका, रिंग गेली. तेल वर येतंय बघा.”

टू-स्ट्रोकमध्ये वर यायला खाली तेल असतंच कुठे? तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. रिंग गेली म्हणून प्लगवर तेल येणं हे फोर-स्ट्रोकचं गणित. हे मला माहीत होतं आणि तरी मी मान हलवली. जानेवारी होता, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला माणसं येत होती, बोट आठ दिवस काठावर पडून होती. अशा वेळी समोरचा ठामपणे बोलला की माणूस ऐकतो.

हिशेब असा: बोअर, पिस्टन, रिंग 14,800, क्रँक सील आणि गॅस्केट 3,600, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) 7,500, मजुरी 4,500, टेम्पो 1,000. त्यातले 15,000 यूपीआयने आगाऊ, 16,400 इंजिन घेताना रोख. कागदावर फक्त ‘इंजिन काम’ आणि बेरीज. प्रत्येक सुट्या भागाचं नाव आणि किंमत लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. रोख तर नकोच.

आता तो क्षण. पाण्याच्या ड्रममध्ये इंजिन सुरू करून दाखवलं, आवाज छान. त्याचं पोरगं बाजूला उभं राहून पेट्रोलच्या नळीतला फुगा सारखा दाबत होतं. मी विचारलं, तर “हवा काढतोय.” हवा सुरू करण्यापूर्वी काढतात! चालू इंजिनाला फुगा दाबून ठेवावा लागतो याचा अर्थ पंप पेट्रोल ओढत नाही, नाहीतर टाकीकडच्या बाजूला नळी हवा घेतेय. या दोहोंपलीकडे तिसरा अर्थ फार क्वचित निघतो. पंपाचं काम ते पोरगं हाताने करत होतं, ते मला दिसत होतं आणि मी पाकिटातून पैसे मोजत होतो. हेडच्या बोल्टांवरचा जुना रंगही अखंड होता. बोल्ट फिरला की डोक्याच्या कडेला रंग तडकतोच. त्याचाही मी विचार केला नाही.

न्यूट्रलला ड्रममध्ये कुठलंही इंजिन गोड चालतं. लोड आल्याशिवाय काही कळत नाही. बोटीवर लावा, पाण्यात दहा मिनिटं थ्रॉटल पूर्ण उघडून चालवा, फुग्याला कुणाचा हात लागू देऊ नका, आणि मग पैसे द्या. अपवाद एकच: खरंच बोअर केला असेल तर लगेच पूर्ण थ्रॉटल द्यायचा नसतो. साधारण पहिले दहा तास तेलही दुप्पट, म्हणजे लिटरला 20 ऐवजी 40 मिली. हा म्हणाला, “नेहमीसारखंच टाका.” नवी रिंग बसवणारा माणूस असं बोलत नाही.

घरी हेड उघडलं. पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा जुना थर, सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या (बोअरनंतरच्या घासणीच्या) तिरप्या रेघा नाहीत, पिस्टनवर ओव्हरसाइजचा आकडाही नाही. बोअर केला तर पिस्टन जाड लागतो आणि तो आकडा सहसा माथ्यावर असतो. सीडीआय जुनाच होता, वर काळा रंग मारलेला, स्क्रूवरसुद्धा.

मग पंप उघडला. पडदा कडक झालेला आणि कडेला केसाएवढी चीर. हा पंप क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद भागातल्या, दाबाच्या ठोक्यांवर चालतो. चीर पडली की ओढ कमी होते आणि ठोक्याच्या भोकातून पेट्रोल थेट एका सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये जातं. म्हणून वरचा प्लग ओला! आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. किट 640, दोन प्लग 460, नळी आणि क्लिपा 320. पेट्रोल कमी मिळत असताना इंजिन रेटू नका. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि पिस्टन चिकटतो.

मेकॅनिककडे नेण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेज लावून स्वतः मोजा, मी ते केलं नाही. दोन्ही प्लग काढा, त्यांच्या वायरींच्या टोप्या इंजिनाच्या ब्लॉकला अर्थिंग करा नाहीतर सीडीआय जाईल, थ्रॉटल पूर्ण उघडा, चार-पाच वेळा दोरी ओढा. माझं नंतर 112 आणि 110 पीएसआय भरलं. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर बोअरचं नाव काढणाऱ्याला जाब विचारा. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, तेही बघा. तो बंद असला तरी इंजिन असंच मरतं.

तक्रारीचं काय झालं ते सांगतो. शहरातल्या पोलीस ठाण्यात, “हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा.” ग्रामीणच्या ठाण्यात, “दुकान शहराच्या हद्दीत.” परत शहरात, दोन तास बाकावर, आणि शेवटी साहेब नाहीत. न केलेल्या कामाचे पैसे खोटं बोलून घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी आहे? इंजिन कुणी डोळ्यांनी बघितलं नाही, फोटो दाखवले तर मोबाइल बाजूला सारला. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, काही दिवसांनी ‘विक्रेत्याचा प्रतिसाद नाही’ म्हणून बंद. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं, बोट धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही. साफ चूक! केवळ पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवलेला व्यवसाय असेल तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. हे खिडकीतल्या माणसाला मी वाचून दाखवायचं का?

2024 च्या मे महिन्यात उजनीतच कुगाव-कळाशीच्या पाण्यात वादळात बोट उलटून सहा माणसं गेली. त्या पाण्यावर वारा सुटल्यावर इंजिन बंद पडणं काय असतं, ते ठाण्यातल्या खुर्चीवरून कळत नाही.

पोलीस नोंद घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे वरिष्ठांना लेखी तक्रार टपालाने पाठवा, पोच जपा. मी पाठवली आहे. चिरलेला पडदा, रंग मारलेला सीडीआय आणि ‘इंजिन काम’ लिहिलेला कागद पिशवीत बांधून ठेवलाय.